उरलेले चार तास

दादाच्या तेरवीला त्याचा लॅपटॉप मी माझ्या हातानं भाच्याला दिला.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू त्या दिवशी देऊन टाकतात. चप्पल, छत्री, गादी, तांब्या. त्यातलं चांगलं ते भाच्याच्या ओंजळीत पडावं. भाच्याला दिलेलं गेलेल्याला पोचतं, असं मानतात. मी मानत नाही. पण ओसरीत बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकानं विचारलं, ‘‘त्याची जिवापाड जपलेली वस्तू कोनती होती?’’ वहिनीनं कोनाड्यातल्या लॅपटॉपकडे पाहिलं. मी उठलो. लॅपटॉप पुसला, वर नवा टॉवेल ठेवला आणि भाच्याच्या हातात दिला. तो रडला, मीही रडलो. तो चार्जर विसरून निघाला तेव्हा मी चार्जर घेऊन त्याच्यामागे फाटकापर्यंत धावलो. हे धावणं मला लॅपटॉप देण्यापेक्षा जास्त आठवतं.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. पिंपळगाव राजाच्या पुढे आमचं लहानसं गाव आहे. तिथूनच तो रोज खामगावच्या एका शाळेत संगणक शिकवायला जायचा. मी चिखलीला, एका कॉलेजच्या ग्रंथालयात. आम्ही दोघंही कमी बोलणारे. तो घरी आला की जेवायचा, आणि मग त्या काळ्या पडद्यासमोर बसायचा. त्याच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. फुकट मिळतं आणि चोरून घ्यावं लागत नाही, एवढंच कारण तो सांगायचा. कारणं सांगायची त्याला सवयच नव्हती. हे मला त्याच्यामागे फार महागात पडलं, आणि मला पडलं त्यापेक्षा मावशींना.

मावशी नात्यानं आमच्या कोणी नव्हेत. आमची विहीर सामाईक. आजोबांची जमीन वाटण्या होत होत पाच तुकड्यांवर आली: तीन तुकडे तीन चुलतभावांचे, एक आमचा, आणि पाटाच्या अगदी शेवटी मावशींचा. त्यांच्या सासऱ्यांनी तो आजोबांकडून विहिरीच्या हिश्शासकट विकत घेतला होता. गावातल्या बौद्ध वस्तीतलं ते पहिलं ओलिताचं शेत. मावशींचा नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली. मावशी एकट्या गहू करायच्या आणि चांगला करायच्या. पाइप चौथ्या शेतापर्यंतच होता. तिथून पुढे मातीचा पाट. मोटर सुरू झाल्यावर त्यांच्या वाफ्यात पाणी पोचायला दीड तास जायचा.

शेतीच्या विजेची लाइन आठवड्यातून तीन दिवस दिवसा, आठ-आठ तास; बाकीचे दिवस रात्री. रात्रीच्या पाण्यासाठी कोणी भांडत नाही. रानडुकरं असतात, साप असतो, एकटी बाई जातच नाही. भांडण असतं ते दिवसाच्या चोवीस तासांचं. एका वर्षी त्यावरून धाकट्या चुलतभावाच्या डोक्यात फावड्याचा दांडा बसला होता. त्यानंतर दादानं पायथन नावाच्या संगणकभाषेत पाळीचा प्रोग्राम लिहिला. दर रविवारी त्यातून एक कागद निघे. दादा तो विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत आतल्या बाजूनं चिकटवायचा. आधी कोण, मग कोण, किती तास. कोणाला सलग दोनदा पहिली पाळी यायची नाही. लाइन गेली तर बुडालेले तास पुढच्या आठवड्यात जमा व्हायचे.

त्या कागदावर चौघांपुढे चार तास असत आणि मावशींपुढे आठ. पहिल्या रविवारी मोठ्या चुलतभावानं विचारलं होतं. मी तेव्हा सुट्टीत गावीच होतो.

‘‘तिले आठ काऊन बे?’’

‘‘चोवीसले पाचचा भाग जात नाही,’’ दादा म्हणाला. ‘‘चार उरतात. उरते ते पाटाच्या शेवटच्याले.’’

पंगतीत शेवटच्या ओळीला भांड्यात उरलेलं सगळं वाढतात, त्याबद्दल कोणी भांडत नाही. मोठा चुलतभाऊ म्हणाला, ‘‘मशीनले सोयरं नसते, बाबा. जे देईन ते देईन.’’ झालं. पुढची नऊ वर्षं कोणी तो आकडा काढला नाही.

दादा गेला तो दिवाळीनंतर, चार दिवसांच्या आजारानं. गव्हाची पेरणी झालेली होती. तेरवी झाल्यावर दुसऱ्याच रविवारी पेटीतला जुना कागद फाटून आला होता आणि मोठ्या चुलतभावाचा मला फोन आला. ‘‘कागद कोन देईन आता? इथं धाकट्यानं दोन दिवस मोटर सोडली नाई. मावशीच्या वावरात ढेकूळ भिजलं नाई.’’ आमचं शेत वहिनीनं या मोठ्यालाच ठोक्यानं, वर्षाची ठरलेली रक्कम घेऊन, लावायला दिलं होतं, म्हणजे पाचातल्या दोन पाळ्या आता त्याच्या होत्या.

मी भाच्याला फोन केला. भाचा शेगावला एका लॉजवर मॅनेजर आहे, चांगला मुलगा आहे.

‘‘मामा, त्यात काईच नव्हतं हो,’’ तो म्हणाला. ‘‘नुसता काळा पडदा. मले तं चालूच करता येईना. दुकानात नेला, त्यानं सारं साफ करून विंडोज टाकून देल्लं. आता एकदम फास हाय.’’

काय बोलणार? वस्तू देताना तिच्या आतलं काढून घेऊन रिकामी द्यावी, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? गादीतला कापूस कोणी काढून घेत नाही.

मग दादाच्या शाळेच्या शर्टाच्या खिशात वहिनीला पेनड्राइव्ह सापडला. प्रोग्राम त्यात होता. सोबत एक लहानशी फाइल होती. तिच्यात लागणाऱ्या जोडसामग्रीची, म्हणजे बाहेरून आणून जोडायच्या तयार प्रोग्रामांची नावं, प्रत्येकापुढे तिच्या आवृत्तीचा आकडा, आणि सगळ्यात वर एक ओळ: ‘पायथन दोन पॉइंट सात. दुसरं नको.’ का नको, ते लिहिलेलं नव्हतं.

पुढचे अडीच आठवडे मी ग्रंथालयाची वेळ संपली की तेच करत बसलो. मला यातलं काही येत नव्हतं. पुस्तक उघडून, एकेक ओळ वहीत उतरवून मी शिकलो. दादा असता तर हसला असता. शाळेत असताना मी गणित पाठ करतो म्हणून तो हसायचा. माझ्या संगणकावर विंडोज. पायथन बसवलं, ते बसलंही, पण हाक मारली की संगणक म्हणे, असं कोणी इथं राहत नाही. बसवतानाच एका लहानशा चौकटीत खूण करायची असते, म्हणजे संगणकाला त्याचा पत्ता कळतो. ती मी केलेली नव्हती. काढलं, पुन्हा बसवलं. मग दादाच्या फाइलींचे रस्ते चुकले, कारण लिनक्सवर तिरकी रेघ एका बाजूला झुकते आणि विंडोजवर दुसऱ्या. मग मराठी अक्षरांच्या जागी चौकोन छापून आले. गावातल्या प्रत्येकाचं नाव म्हणजे चार चौकोन. कागदाच्या छपाईसाठी दादानं वापरलेली एक जोडसामग्री नव्या आवृत्तीत नावासकट बदलली होती. तिच्या जागी दुसरी आणली, तर ती तिसरी मागू लागली.

कॉलेजातल्या संगणकाच्या सरांना मी ती वरची ओळ दाखवली. ते म्हणाले, ‘‘अहो, ते जुनं बंद पडलं आता. नवंच टाका. प्रिंट लिहिलंय तिथं कंस लावा, झालं काम.’’ त्यांचं काही चुकलं नाही. सगळीकडे हेच लिहिलेलं होतं. मला ‘दुसरं नको’ ही ओळ दादाच्या हट्टातली एक वाटली. तो जुनी सायकलही विकू देत नसे. मी नवं टाकलं. एकेचाळीस ठिकाणी कंस लावले. एकेचाळिसावा लावला आणि प्रोग्राम चालला. कागद छापून आला, अक्षरं नीट, नावं नीट. मी तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसलो. दादा गेल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं. हे लिहायलाही आता नको वाटतं.

पण कागद दर आठवड्याला गावात निघायला हवा होता. पिंपळगाव राजाच्या एका ऑनलाइन सेंटरवर सातबारे आणि दाखले काढून देतात, तिथला संगणक माझ्या संगणकाहूनही जुना. माझ्याकडचं पायथन त्यावर बसेना. त्याला लहान जातीचं वेगळं लागतं. तेही शोधलं. दोन रविवार एसटीनं जाऊन, सेंटरवाल्याच्या गिऱ्हाइकांमध्ये अंग चोरून बसून, मी ते तिथंही चालवलं. सेंटरवाला म्हणाला, ‘‘सर, एवढ्याशा कागदासाठी तुमी किती हाल करून घेता? पाच नावं तं हातानं लिहिता येतात.’’ मी हसलो. हातानं लिहिलेलं कोणी ऐकणार नाही, हे त्याला काय सांगायचं.

पहिला कागद मी स्वतः पेटीत चिकटवला. पाच नावं, पाचांपुढे चार. खाली दादाच्याच शब्दांत, ‘उरलेले: ०’. मला ते शून्य आवडलं. हिशेब चोख बसला, असं वाटलं.

पाच चोक वीस. मी बी.ए. आहे, एम.लिब. आहे. मी बेरीज केली नाही.

पौषाच्या शेवटी मावशी वहिनीकडे आल्या. मी आलोय हे त्यांना कळलं होतं. पदराच्या टोकात बांधून त्यांनी दोन कागद आणले होते, एक दादाचा, एक माझा. ओसरीच्या पायरीवर बसून त्यांनी ते शेजारीशेजारी मांडले.

‘‘भाऊ, दादाच्या कागदावर माहे आठ हायेत. तुमच्या कागदावर चार काऊन?’’

‘‘मावशी, ते मशीन करतं,’’ मी म्हणालो. ‘‘मी त्यात काहीच बदललेलं नाही.’’

‘‘चार तासात दीड तास तं पाटातच जाते. उरलेल्यात तीन वाफे होत नाहीत. गहू निसवून राह्यला आता, ओंब्या निघून राह्यल्या.’’

‘‘बघतो मी.’’

‘‘बघा,’’ त्या म्हणाल्या. त्यांनी दादाचा कागद पुन्हा घडी करून पदरात बांधला, माझा तिथंच ठेवला.

मी बघितलं नाही. म्हणजे लगेच बघितलं नाही. ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी चालू होती. शिवाय खरं सांगायचं तर, चाललेल्या प्रोग्रामला हात लावायची मला भीती वाटत होती. तीन आठवडे गेले. मग एका दुपारी तो कागद टेबलावर पडलेला असताना माझ्या तोंडून सहज निघालं, पाच चोक वीस, आणि मी जागच्या जागी बसून राहिलो. दिवसाची लाइन आठवड्याला चोवीस तास येते. चार तास कुठे गेले?

ते कुठे गेले ते शोधायला मला संध्याकाळपर्यंत वेळ लागला. जुन्या पायथनमध्ये पूर्ण आकड्याला पूर्ण आकड्यानं भागलं की उत्तरही पूर्णच येई. अपूर्णांक गळून जाई. चोवीस भागिले पाच, चार. मग प्रोग्राम वाटलेले वीस तास चोवीसातून वजा करी आणि उरलेले चार पाटाच्या शेवटच्या नावावर टाकी. नवं पायथन खरा भागाकार करतं. चार पूर्णांक आठ दशांश. पाच वेळा चार पूर्णांक आठ दशांश म्हणजे चोवीस, उरलं शून्य. छापताना मात्र दादाची ओळ फक्त पूर्ण आकडा छापत होती, म्हणून कागदावर चारच येत होते. कुठलीही चूक दाखवली गेली नाही. प्रोग्राम न अडखळता चालला होता. कागदावर कोणाच्याच नावावर नसलेले चार तास मोठ्या चुलतभावानं घेतले होते, कारण त्याचं शेत विहिरीला लागून. चोरीचा प्रश्नच नव्हता. लाइन होती, मोटर चालू होती.

आणि मग दुसरी गोष्ट कळली, ती जास्त जड होती. चोवीसला पाचचा भाग जातो. चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं. गावातल्या कोणालाही तो करता आला असता. दादाला तर नक्कीच. त्यानं तो जाऊ दिला नव्हता. मातीच्या पाटात मुरणारं पाणी मावशींना परत मिळावं, हे तीन चुलतभावांसमोर उभं राहून म्हणायची त्याची हिंमत नव्हती. म्हणून त्यानं ते जुन्या पायथनच्या भागाकारात ठेवलं आणि वर लिहिलं, दुसरं नको. आपल्या भावाचं मोठेपण आणि त्याचं भित्रेपण मला एकाच ओळीत दिसलं, आणि विचारायला तो नव्हता.

दुरुस्ती एका तिरक्या रेघेची होती. भागाकाराच्या चिन्हाशेजारी तसंच दुसरं चिन्ह टाकलं की नवं पायथन जुन्यासारखं भागतं. मी ते टाकलं. मावशींपुढे आठ आलं. तो कागद रविवारी पेटीत चिकटवून मी गप्प परत आलो असतो तर कोणी विचारलं नसतं. विचारलंच असतं तर म्हणता आलं असतं, मशीन बिघडलं होतं, नीट केलं.

मी तसं केलं नाही. मी भावांना ओसरीवर बोलावलं आणि सगळं सांगितलं.

मला वाटलं होतं, खरं सांगणं हे मावशींचं देणं आहे. आज वाटतं, ते माझं स्वतःचं होतं. ‘मी त्यात काहीच बदललेलं नाही’ हे वाक्य मला बोचत होतं, ते मला उतरवून टाकायचं होतं. आणि दादानं काय केलं होतं, हे कोणाला तरी कळावं, असंही होतं. त्याच्याबद्दल तेरवीला सगळे म्हणाले होते, साधा माणूस होता.

मोठ्या चुलतभावानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, ‘‘म्हंजे दादानं नऊ वर्सं आमाले येड्यात काढलं म्हन ना.’’

‘‘येड्यात नाही. पाटात दीड तास—’’

‘‘पाट तिचा. पानी मुरते तं तिनं पाइप टाकावा. आमी टाकला ना?’’

‘‘तुम्हीही चार तास जास्तीचे घेत होता दोन महिने,’’ मी म्हणालो.

‘‘घेत होतो. नाई म्हनलं का?’’ तो हसला. ‘‘पन तुनं आताच सांगतलं, खरा भाग चार तास अठ्ठेचाळीस मिन्टं. सारखा. मंग सारखा करा. मले नको जास्तीचे, तिलेबी नको.’’

धाकटा त्याला म्हणाला, ‘‘जुना कॉम्प्युटर तिच्याकडून होता, नवा तुह्याकडून होता. फिट्टंफाट. आता घड्याळ पाहून करू.’’

‘‘शेवटच्याला उरलेलं, हे तुम्ही मानलं होतं,’’ मी म्हणालो.

‘‘उरतच नाई तं द्याचं काय?’’ मोठा म्हणाला. तो रागावलेला नव्हता. उठताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘तू शिकलेला हाय, लपवून ठेवलं नाई, हे चांगलं केलं.’’

वहिनी दारात उभी होती. तिनं त्यांचे चहाचे कप उचलले आणि आत गेली. माझा तेवढा राहू दिला.

मावशींना हे मी सांगायच्या आधी गावानं सांगितलं. मी गेलो तेव्हा त्या दारात दाणे पाखडत होत्या. मी सगळं पुन्हा सांगू लागलो तसं त्यांनी सूप खाली ठेवलं.

‘‘मले मालूम होतं, भाऊ.’’

‘‘काय?’’

‘‘का दादा मले देऊन राह्यले म्हनून. चोवीसात पाचाचा भाग मले येत नाही का? पयल्याच वर्साले मी त्यायले विचारलं. ते म्हनले, मावशी, कोनाजवळ बोलू नका. मी नाही बोलली. नऊ वर्सं नाही बोलली.’’ त्यांनी सूप पुन्हा उचललं. ‘‘तुमाले काऊन बोला लागलं?’’

दोन कागद घेऊन त्या आल्या होत्या तेव्हाच मला सांगत होत्या. जितकं सांगता येत होतं तितकं. मी ऐकलं नाही.

त्या वर्षी त्यांचा गहू ओंबीत दाणा भरायच्या वेळी वाळला. दाणे चपटे निघाले. पुढच्या हंगामात त्यांनी गहू केलाच नाही. त्यानंतरच्या वर्षी शेत मोठ्या चुलतभावाला ठोक्यानं देऊन त्या मुलीकडे निघून गेल्या.

पाळीचा कागद आता निघत नाही. गावात तो कोणाला आठवतही नाही. मी मात्र प्रोग्रामचं काम सोडलं नाही, का ते मला नीट सांगता येणार नाही. सगळी जोडसामग्री आत बांधून त्याची एकेक फाइल केली आहे, विंडोजसाठी वेगळी, लिनक्ससाठी वेगळी. पायथन बसवलेलं नसलं तरी दोनदा टिचकी मारली की उघडते. भागाकाराच्या ओळीवर, तिथं तसं का आहे, ते मी मराठीत सविस्तर लिहिलं आहे. पाच ओळी झाल्या.

मागच्या महिन्यात वहिनीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं सांगितलं, मोठ्यानं विहिरीपासून थेट मावशींच्या वावरापर्यंत पाइप टाकला, आणि पाट बुजवून त्यावर तूर लावली.